बेटावरून बेटावर

जून महिना लागला, की शहरातील सुशिक्षित घरांतून एक नवीनच दुखणे दिसू लागते. ताप नाही, खोकला नाही, अन्न जात नाही असेही नाही. परंतु रोग्याचे चित्त म्हणून कशात लागत नाही. कचेरीत जाऊन बसलेले गृहस्थ समोरचे काम सोडून खिडकीकडे पाहत राहतात, गृहिणी कणीक मळता मळता मध्येच थांबतात, आणि मुलांपुढे शाळेचे नाव काढण्याची सोय उरत नाही. अधिक चौकशी करावी, तो कळते की मंडळी चारच दिवसांपूर्वी अंदमानाहून परत आली आहेत. अंदमानची सफर अलीकडे मराठी घरांत फार लोकप्रिय झाली आहे, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. १९०६ साली बांधून पुरा झालेला सेल्युलर तुरुंग मुलांस दाखवावा, ही वडील मंडळींची इच्छा; पोवळ्यांच्या खडकांवरील निळे पाणी पाहावे, ही तरुणांची; दोन्ही हेतू एकाच तिकिटात साधतात. जातेवेळी घरात जो उत्साह असतो त्याविषयी लिहिण्याचे कारण नाही. प्रवासवर्णनांच्या रूपाने तो वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. परतण्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही तोच विषय घेतला आहे.

या दुखण्याचा काही भाग निव्वळ घड्याळाचा आहे, हे प्रथम सांगून टाकू. अंदमान बेटे मुंबईच्या पूर्वेस सुमारे २० रेखांश दूर आहेत. पृथ्वीला एक रेखांश फिरावयास ४ मिनिटे लागतात. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तेथला दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे ८० मिनिटे पुढे चालतो. परंतु घड्याळ दोहोंकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. परिणाम असा, की मे महिन्यात तेथे पाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि सायंकाळी सहा वाजण्यापूर्वी मावळतो. मुंबईत तो सहाच्या सुमारास उगवून सातनंतर मावळतो. आठवडाभर तिकडे राहिलेला देह येथे आला, की पहाटे साडेचारला टक्क जागा होतो, आणि रात्री आठ वाजता, म्हणजे कुकरची पहिली शिटीही जेव्हा झालेली नसते तेव्हा, त्याच्या डोळ्यांवर झापड येऊ लागते. आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंनी अशा पेंगुळलेल्या नातवावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ओवाळण्यास आमची हरकत नाही; परंतु हा विकार चार दिवसांत आपोआप जातो, एवढे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

उरलेला भाग मनाचा, आणि तो इतका सरळ नाही. नेदरलंड्समधील काही संशोधकांनी लांब रजेवर गेलेल्या ५४ नोकरदारांची प्रकृती व मनःस्थिती रजेपूर्वी, रजेत आणि रजेनंतर अशी तिन्ही वेळा तपासून पाहिली. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी २३ दिवसांच्या त्या रजांत मनाची उभारी आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत अधिक होती, आणि कामावर रुजू झाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात ती होती तेथे येऊन ठेपली. म्हणजे सुटीतील सुख हे मुरांब्याप्रमाणे बरणीत भरून वर्षभर पुरविण्याजोगे नव्हे. ते आमरसाच्या जातीचे, काढले त्या दिवशीच संपवावे असे आहे. हे एकदा पटले, म्हणजे ‘इतका पैसा ओतला आणि आठ दिवसांत सारे ओसरले’ ही जी हळहळ घरोघर ऐकू येते, ती तरी थांबावयास हरकत नाही. ओसरणे हा त्या सुखाचा स्वभावच आहे.

बेटावरून परत आलो, असे ही मंडळी म्हणतात, तेव्हा आम्हांस थोडे हसू येते. ती परत येतात तीही बेटावरच. सांताक्रूझचे विमानतळ साष्टी बेटावर आहे. मुंबई शहर तर सात बेटांमधील खाड्या बुजवून झालेले. उत्तरेकडून आगगाडीने येणाऱ्या माणसास नायगाव आणि भाईंदर या स्थानकांमध्ये वसईच्या खाडीवरचा पूल लागतो, तो ओलांडला की गाडी मुख्य भूमी सोडून बेटावर शिरते. परंतु डब्यातील गर्दीत तेथे मान वळवून पाण्याकडे पाहण्याइतकी जागा कोणाला असते? नारळ येथेही आहेत, भरती-ओहोटी येथेही आहे, उष्ण कटिबंध तर अगदी तोच. तेव्हा नाहीसे होते ते बेट नव्हे. दुसऱ्याने पाणी भरलेले, दुसऱ्याने केर काढलेला आणि दुसऱ्याने ताट वाढलेले असे जे आठ दिवस असतात, ते नाहीसे होतात. दुसऱ्याने म्हणजे नेमके कोणी, याचा विचार पुढे येईलच.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्हांस पालघरास चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथून एके सकाळी एका सारस्वत स्नेह्यांबरोबर आम्ही सातपाटीस गेलो. पालघर स्थानकापासून पश्चिमेस आठ-नऊ किलोमीटरांवर, शिरगावच्या पलीकडे, ही कोळी-मांगेल्यांची मोठी वस्ती समुद्राला अगदी खेटून आहे. निळे पाणी पाहावयास येथे कोणी जात नाही. पाणी तपकिरी, गढूळ; ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो. वास तर असा, की आमच्यासारख्या शाकाहारी मनुष्याने पहिला तास रुमाल हाती ठेवावा. परंतु त्या गढूळपणाचा आपण उगाच कंटाळा करतो. अंदमानचे पाणी आरस्पानी, कारण तेथे गाळ आणून टाकणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत. येथे समुद्र उथळ, भरती-ओहोटीचा ओढ जबर, उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते, आणि खाड्यांतून येणारा गाळ सतत ढवळला जातो. त्या गाळाबरोबर माशांचे अन्न येते. बोंबील आणि पापलेट या पाण्यातले; आणि सातपाटीचे नाव तर पापलेटामुळेच दूरवर गेले. रुपेरी पापलेट हा महाराष्ट्राचा ‘राज्य मासा’ म्हणून २०२३ साली घोषित झाला. त्याच्या चवीविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या स्नेह्यांनी ती उणीव दुपारच्या पंगतीत भरून काढली.

आम्ही गेलो त्या दिवसांत बोटी परतत होत्या, आणि त्या वर्षभराच्या परतण्याहून निराळ्या परतत होत्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. तो काळ माशांच्या विणीचा, आणि पावसाळी समुद्र धोक्याचा. दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. सातपाटीची खाडी गाळाने भरत चालल्यामुळे बोटीला भरतीचे पाणी मिळाल्याविना आत शिरता येत नाही. म्हणून पाच-सहा बोटी बाहेर पाण्यावर थांबलेल्या, काठावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, आणि मध्ये हातभर खोल पाणी. घर दिसते आहे, माणसे ओळखू येत आहेत, परंतु भरती येईपर्यंत परतणे पुरे होत नाही. ते तास-दोन तास आम्ही पाहत होतो. कोणी उतावीळ झालेले दिसले नाही.

पाणी चढले, बोटी आत आल्या, आणि तेथून पुढे जे घडले त्याने आमचे लक्ष वेधले. अनेक दिवस समुद्रावर काढलेले तांडेल आणि खलाशी उतरले, त्यांनी माल काठावर दिला, आणि ते घरी गेले. काम आता सुरू झाले ते थांबलेल्यांचे. बायकांनी मासा निवडला, लहानमोठा वेगळा केला, बर्फ घातले, वजने करून घेतली, टोपल्या उचलल्या. कोणी सहकारी संस्थेकडे, कोणी बाजाराकडे. बांबूंच्या वलांडींवरचे वाळलेले बोंबील पावसाआधी उतरविण्याची घाई निराळीच. समुद्रावर गेलेल्याचे श्रम तेथे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्याच्या विश्रांतीबद्दल कोणाची तक्रार नाही; आणि काठावर राहिलेलीचे श्रम त्यालाही दिसतात, कारण ते त्याच्या डोळ्यांदेखत सुरू होतात.

आता तुम्हांस दोन महिने सुटी, असे आम्ही तेथील एका वृद्ध बाईस सहज म्हणालो. बाई हसली. सुटी समुद्राला आहे, असे तिचे म्हणणे पडले. बोटीची डागडुजी व रंग, फाटलेली जाळी, इंजिनाची दुरुस्ती, आणि या सर्वांसाठी लागणारा पैसा. त्यात आवक बंद. खलाशांना पुढच्या हंगामासाठी आगाऊ रक्कम द्यावी लागते ती निराळी. आपणांस जूनच्या एक तारखेस पगार मिळतो व आपण कामावर जाण्याचा कंटाळा करतो. तिला १ ऑगस्टला समुद्र उघडला तरी तो काय देईल, हे ठाऊक नसते. पापलेट पूर्वीसारखे मिळत नाही, लहान मासा वाढण्यापूर्वीच धरला जातो, असे तेथे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. शिवाय याच जिल्ह्यात उत्तरेस वाढवण येथे जे मोठे बंदर व्हावयाचे आहे, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि त्याने आपले मासेमारीचे पाणी आकसेल, ही धास्ती या सबंध किनाऱ्यावर आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच, की परत कामावर जाणे ही गोष्ट ज्यांना गृहीत धरता येत नाही अशी माणसे पालघर स्थानकावरून तासाभराच्या आत भेटतात.

आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती माणसे कामावर परत जाण्याचा सण करतात. नारळी पौर्णिमा ही आमच्या घरांतून नारळीभातापुरती उरली आहे. तेथे ती वर्षाची खरी सुरुवात होय. बोटी रंगवून सजवितात, सोनेरी कागद लावलेला नारळ वाजतगाजत नेऊन समुद्राला अर्पण करतात, आणि मग बोटी लोटतात. कायद्याची तारीख आधीची असली, तरी पौर्णिमेवाचून समुद्रावर जाणे जुन्या मंडळींच्या मनाला पटत नाही. आपल्याकडे उलट आहे. आपण कामापासून दूर जाण्याचा सोहळा करतो, तीन-तीन महिने आधी तिकिटे काढतो, नव्या पिशव्या घेतो. आणि परतताना मात्र चोरासारखे मध्यरात्री दार उघडून आत शिरतो, व सकाळी ८.०२ ची लोकल पकडतो. मग चित्त ठिकाणावर नाही, म्हणून सुस्कारे टाकावयाचे!

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट कळत नव्हती, असे नव्हे. दूरच्या प्रवासाहून आलेल्या माणसास उंबरठ्याबाहेर थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकीत, पायांवर पाणी घालीत, आणि मगच आत घेत. त्यातील दृष्ट वगैरे भाग सोडून देऊ. परंतु दारात दोन क्षण थांबावे लागे, हे काही थोडे नव्हे. सातपाटीच्या बोटी भरतीसाठी थांबतात, तसेच ते थांबणे. आणि काशीयात्रेहून परत आलेला मनुष्य काय करी? तो गंगापूजन करून मावंदे घाली. नात्यागोत्यातील, शेजारपाजारची, ज्यांना जाता आले नाही अशी सर्व माणसे बोलावून त्यांस जेवू घाली, गंगेचे थेंब थेंब वाटी. यात्रेस गेलेल्याने घरी राहिलेल्यांचे देणे फेडावयाचे, हा त्यातील भाव. कारण तो तिकडे महिनेच्या महिने असताना गोठ्यातील गाय, देवघरातील नंदादीप आणि अंथरुणास खिळलेली म्हातारी यांचे कोणीतरी केलेलेच असे. हल्ली आपण घरी राहिलेल्यांस काय देतो? चारशे छायाचित्रे, तीही भ्रमणध्वनीवर.

ही गोष्ट एकत्र कुटुंबातच विशेष बोचते, आणि आमचे वाचक बहुशः तशा घरांतील असल्यामुळे आम्ही ती थोडी स्पष्टपणे सांगतो. ठाण्यातील एक घर आमच्या परिचयाचे आहे. सासूबाईंचे वय ८० च्या पुढे, देवांची रोजची पूजा, दोघे भाऊ, दोन जावा, चार मुले. या वर्षी धाकटे भाऊ, त्यांच्या पत्नी आणि चारही मुले अंदमानास गेली. सर्वांनी जावे असाच बेत प्रथम होता; पण सासूबाईंना एकटे ठेवता येईना, म्हणून थोरल्या जाऊबाई आपण होऊन मागे राहिल्या, आणि त्यांचे यजमानही. हे आठ दिवस त्यांनी काय केले? आगोटीची बेगमी केली. साठवणीचे धान्य उन्हात घातले, मसाला कुटून आणला, कैऱ्या फोडून लोणचे घातले, मुलांच्या पुस्तकांस वेष्टने घातली, सासूबाईंस दोनदा डॉक्टरांकडे नेले. मंडळी परत आली ती रविवारी रात्री साडेअकरास. थोरल्या बाईंनी गरम खिचडी वाढली. दुसरे दिवशी सकाळी धुण्याच्या यंत्रात पाच वेळा कपडे पडले. त्यांतून जी वाळू निघाली, तिने न्हाणीघराची मोरी तुंबली. धाकट्या बाईंना कामावर जावयाचे होते, त्या गेल्या. मोरी कोणी काढली हे वाचिकांस सांगावयास नको.

येथपर्यंतही कोणाचा कोणावर राग नव्हता. परंतु तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्या बाई दमून येऊन बैठकीत बसल्या आणि म्हणाल्या, “तेथून आल्यापासून हे घर अगदी कोंडवाड्यासारखे वाटते हो!” थोरल्या काहीच बोलल्या नाहीत. मात्र पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा येऊ लागला, आणि तो सर्वांच्या आधी सासूबाईंच्या कानी गेला, ज्यांना एरव्ही ऐकू कमी येते.

धाकट्या बाई दुष्ट नव्हेत. मनमिळाऊ आणि कष्टाळू आहेत. त्यांचे वाक्य हे कोणाही परतलेल्या मनुष्याचे वाक्य आहे. वाईट इतकेच, की ज्या घरास त्यांनी कोंडवाडा म्हटले, ते घर त्या आठ दिवसांत कोणीतरी उघडे, झाडलेले आणि जागते ठेवले होते, आणि ती व्यक्ती चार पावलांवर भात निवळीत उभी होती. विश्रांतिगृहात ताट वाढणाऱ्याचे आभार मानून, वर बक्षिसी ठेवून आपण निघतो. घरी ताट वाढणाऱ्या माणसाविषयी तेवढेही सुचत नाही, कारण तेथे हिशेबाचा कागद समोर येत नाही.

सासूबाईंनी जो तोडगा काढला तो जुनाच होता. त्यांनी धाकट्या सुनेस जवळ बसवून विचारले, की तू इतकी दूर समुद्रापलीकडे जाऊन आलीस, मग मावंदे कधी घालणार? आधी सर्व हसले. मग ठरले. शनिवार, रविवार स्वयंपाक, देवपूजा आणि सासूबाईंची औषधे हे सर्व धाकट्या दोघांनी पाहावे, मुलांनी केरवारे करावे, आणि थोरल्या दोघांनी बाहेर पडावे. अंदमानचा खर्च पुन्हा होण्याजोगा नव्हता, व तितकी रजाही नव्हती. म्हणून दोघे वसईपर्यंत जाऊन तेथून डहाणूच्या लोकलने केळवे रोडला उतरली आणि केळव्यास सुरूच्या बनाजवळ एका साध्या घरगुती खानावळीत राहिली. ही लोकल डहाणूपर्यंत २०१३ सालापासून जाऊ लागली आहे. तीतून उलट दिशेने, रविवारी सोडून, सकाळी बसावयास जागा मिळते, ही माहिती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून देतो.

या निमित्ताने दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी आम्हांस सुचवाव्याशा वाटतात. परतीचे तिकीट सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीचे नव्हे, त्याच्याही आदल्या दिवशीचे काढावे. समुद्रावरचा एक दिवस कमी झाला तरी चालेल. तो मधला दिवस कपडे, केर आणि झोप यांचा, आणि त्या दिवशी स्वयंपाक प्रवासास गेलेल्यांनी करावा. वाळूचे कपडे तेथेच झाडून, कोरड्या पिशवीत निराळे आणावेत. छायाचित्रे दाखवावयाची तर ज्यांना जाता आले नाही त्यांच्या सवडीने दाखवावीत. भाकऱ्या भाजीत असलेल्या बाईच्या तोंडासमोर भ्रमणध्वनी धरणे यासारखा दुसरा अविचार नाही. आणि आल्या आल्या पुढच्या सफरीचे बोलणे निदान पंधरा दिवस तरी काढू नये.

थोरल्या बाई केळव्याहून सोमवारी सकाळी परतल्या. येताना त्यांनी सासूबाईंसाठी केळवे-माहीमच्या मळ्यातील विड्याची पाने आणि सर्वांसाठी शहाळी आणली. पदराला वाळू होतीच. ती त्यांनी जिन्यात उभे राहून झाडली. घरात आल्यावर त्यांना ओट्यावरची फोडणीची डबी जागेवर सापडली नाही, आणि ती शोधण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात मुलांनी केळव्याविषयी इतके प्रश्न विचारले, की अंदमान बाजूसच राहिले. येत्या दिवाळीत सर्वांनी मिळून कोठे जावे याचा विचार चालू आहे, असे ऐकतो. त्या वेळी सासूबाईंपाशी कोणी राहावयाचे, याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.